वाद पेटला की आधी शोधा, प्रश्न कोणी बदलला

ऑक्टोबर 2008 मध्ये देशातल्या एका मोठ्या इंग्रजी दैनिकात यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांवर पानभर मजकूर आला. बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकं बदललेल्या कापसाने गावाचे दिवस पालटले, इथे आत्महत्या होत नाहीत, असा त्याचा सूर होता. ती बातमी होती, वार्ताहरांच्या नावासकट. पुढे 28 ऑगस्ट 2011 ला तोच मजकूर त्याच दैनिकात पुन्हा आला. या वेळी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती आणि ही पैसे भरून घेतलेली जागा आहे, एवढाच तिचा अर्थ होता. पैसे महिको-मोन्सॅन्टो बायोटेक या बीटी तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीचे होते. त्याच सुमाराला जैवतंत्रज्ञानाच्या नियमनासाठी प्राधिकरण नेमण्याचं विधेयक संसदेत आणायच्या हालचाली चालू होत्या.

मार्च 2012 मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती विदर्भात फिरली तेव्हा भांबराजातही थांबली. आमच्या गावात आत्महत्या झाल्या आहेत, हे गावकऱ्यांनीच सांगितलं. मे 2012 मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांनी 2008 ची बातमी आणि 2011 ची जाहिरात शेजारी ठेवून हे सगळं उघड केलं. कंपनीचं उत्तर असं होतं की 2008 ला काय लिहायचं हे वार्ताहरांनी त्यांचं त्यांनी ठरवलं, आम्ही फक्त शेतापर्यंत जायची-यायची व्यवस्था केली.

हे प्रकरण मी नागपुरातल्या तरुण मित्रमंडळींना नेहमी सांगतो, कारण त्यात सगळं आलं आहे. मजकूर कोणी लिहिला, गाडी कोणाची होती, पुन्हा छापायला पैसे कोणी दिले आणि तो नेमक्या कोणत्या महिन्यात आला. या चार गोष्टी माहीत नसताना ते पान वाचलं तर ती एका सुखी गावाची गोष्ट वाटते, आणि माहीत झाल्या की तेच पान वेगळं दिसायला लागतं.

त्या मजकुरातल्या एखाद्या शेतकऱ्याला त्या वर्षी खरंच चांगलं पीक झालं असेल. त्याने सांगितलेला आकडाही बरोबर असेल. मग गडबड कुठे होती? विदर्भापुढचा प्रश्न होता: पावसावर अवलंबून असलेल्या कोरडवाहू शेतीत या महागड्या बियाण्याचा आणि त्यासोबतच्या खताफवारणीचा खर्च दरवर्षी निघतो का? त्या पानाने उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं: दोन गावांत कोणाचं भलं झालं का?

प्रचाराचा सगळा खेळ इथेच आहे. सार्वजनिक वादात धडधडीत खोटं बोलणं धोक्याचं असतं, कधी ना कधी ते अंगलट येतं. म्हणून मुरलेली मंडळी खोटं क्वचितच बोलतात. ती प्रश्न बदलतात. आपण उत्तर तपासत बसतो, ते खरं निघतं, आणि मूळ प्रश्न राहून गेला हे ध्यानातच येत नाही. कोण खोटारडा आहे हे शोधण्यात आपला बराच वेळ जातो. त्याआधी मूळ प्रश्न एका ओळीत लिहून काढावा आणि समोरचा त्याच ओळीला उत्तर देतोय का, हे पाहावं. निम्मं काम तिथेच होतं.

खर्रा, पुडी आणि 'तंबाखू नाही'

नागपुरात कुठल्याही पानठेल्यावर दोन मिनिटं उभं राहा. प्लास्टिकच्या तुकड्यावर कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना पडतो आणि तो सगळा माल तळहाताखाली घोटला जातो, तोच खर्रा. त्या घोटण्याचा आवाज या शहराला इतका सवयीचा आहे की कानाला तो कळतही नाही. शेजारी पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. त्यांतल्या पान मसाल्याच्या पुडीवर तंबाखू नसल्याचं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं.

ते खरं आहे. त्या पुडीत तंबाखू नसतो. पण सुपारी असते, आणि नुसती सुपारीसुद्धा माणसाला कर्करोग करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच दिला आहे. ग्राहकाच्या मनातला प्रश्न असतो, 'हे खाल्ल्याने माझ्या तोंडाचं काय होईल?' पुडी उत्तर देते, 'यात तंबाखू आहे का?' या प्रश्नाचं. महाराष्ट्रात जुलै 2012 मध्ये गुटख्यावर आणि पान मसाल्यावरही कागदोपत्री बंदी आली. जिथे बंदी फक्त गुटख्यावर आली, तिथे पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा जोडपुड्या निघाल्या. एका पुडीवर बंदी आहे ना, मग दोन पुड्या एकत्र करायचं काम ग्राहकाने करावं. मोठे नट पडद्यावर वेलचीची जाहिरात करतात तीही या पुड्यांच्याच नावाची, कारण तंबाखूच्या जाहिरातीला 2003 च्या कायद्याने मनाई आहे, वेलचीच्या नाही.

ही विद्या तंबाखूच्या धंद्यातच सर्वांत आधी पक्की झाली आणि तिचे कागदही उपलब्ध आहेत. डिसेंबर 1953 मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले. सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारं संशोधन तेव्हा गाजत होतं. त्यांनी हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी नेमली. 4 जानेवारी 1954 ला चारशेहून अधिक वृत्तपत्रांत एक निवेदन छापून आलं. लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं, आणि यावर संशोधन करायला आम्हीच एक समिती नेमतो, असा त्याचा आशय होता. सिगारेट निर्दोष आहे असं सिद्ध करायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. 'अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, आणखी अभ्यास हवा,' एवढं वातावरण टिकवून ठेवायचं होतं. पुढे 1969 मध्ये ब्राऊन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात ते उघडच लिहिलं गेलं: शंका हाच आपला माल आहे. 1998 च्या तडजोडीनंतर असे लाखो अंतर्गत कागद लोकांसाठी खुले झाले, म्हणून आज हे पुराव्याने सांगता येतं.

आता आपल्याकडचं बघा. सिगारेट-विडीच्या पाकिटावरचा चित्रमय इशारा एका बाजूच्या 40 टक्क्यांवरून दोन्ही बाजूंच्या 85 टक्के जागेवर न्यायचा, असं ठरलं होतं आणि 1 एप्रिल 2015 पासून ते लागू व्हायचं होतं. नियमांची छाननी करणाऱ्या लोकसभेच्या समितीने ते पुढे ढकलायला सांगितलं. समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारा भारतातला अभ्यास नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत. भारतात तंबाखू आणि तोंडाच्या कर्करोगावर कित्येक दशकं अभ्यास होत आले होते. समितीचे एक सदस्य, अलाहाबादचे तेव्हाचे खासदार श्यामाचरण गुप्ता, स्वतः विडीचे मोठे कारखानदार होते. आपला धंदा त्यांनी लपवला नव्हता, तो उघड होता. तरीही ज्या मालावरचा इशारा मोठा करायचा की नाही हे ठरवायचं, त्याच मालाचा उत्पादक ठरवणाऱ्यांत बसला होता. मार्च 2016 मध्ये समितीने 50 टक्के पुरे, असं सुचवलं. सरकारने 85 टक्के कायम ठेवले आणि 1 एप्रिल 2016 पासून ते लागू झाले.

या वादात सर्वांत जास्त ऐकू आलेलं वाक्य होतं: लाखो विडी कामगारांचं काय? हे वाक्य आपल्या भागात आतपर्यंत लागतं. भंडारा-गोंदियात घरोघरी बायका विड्या वळत आल्या आहेत, गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून कुटुंबं वर्षाचा रोकडा उभा करतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण हे वाक्य बोलत कोण होतं, ते पाहायला हवं. मी यासाठी एक कसोटी वापरतो आणि ती सहसा फसत नाही: वाद सुरू होण्याआधी या माणसाने हा मुद्दा कधी काढला होता का, आणि वाद मिटल्यावर पुन्हा कधी काढला का? विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे काय मिळतं, तिच्या छातीत तंबाखूची धूळ किती जाते, यावर ते आधी बोलले होते का? 1976 च्या कायद्याने विडीवर उपकर बसवला होता, त्या पैशातून विडी कामगारांसाठी दवाखाने, शिष्यवृत्ती, घरकुलं चालत. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर बंद झाला. कामगारांच्या नावाने 2015 ला बोलणाऱ्यांतले किती जण 2017 ला बोलले, हे जुनी वर्तमानपत्रं चाळून कोणालाही तपासता येईल. गरीब माणसाला ढाल करून त्याच्यामागे उभं राहणं ही फार जुनी रीत आहे. ती पाहिली की मला राग येतो, आणि तो आवरावा असं मला वाटत नाही.

अहवालाचे पैसे कोण देतं

मे 2023 मध्ये कोराडीला औष्णिक वीज केंद्राच्या विस्तारासाठी जनसुनावणी झाली. 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभे करायचा प्रस्ताव होता. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या आहेत, राखेचे तलाव आहेत. जुलै 2022 मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचा लोंढा आजूबाजूला पसरला होता, ते लोकांच्या डोळ्यांपुढे होतं. दुसऱ्या बाजूला रोजगार होता, राज्याची विजेची गरज होती.

अशा सुनावणीची चौकट 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेने ठरवली आहे. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध ठेवावा लागतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं. कागदावर व्यवस्था चांगली आहे. मात्र एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ज्या पर्यावरण आघात अहवालावर ही सगळी चर्चा होते, तो बनवणाऱ्या सल्लागाराला नेमतो प्रकल्प करणारा, आणि त्याचे पैसेही तोच देतो. कोराडीपुरतं हे नाही, देशभर प्रत्येक प्रकल्पाला हीच पद्धत आहे. सल्लागाराला सरकारमान्य संस्थेची मान्यता लागते. तरी पुढचं काम कोणाकडून मिळणार, हे त्यालाही कळतं.

याचा अर्थ प्रत्येक अहवाल खोटा, असा कोणी काढू नये. अहवालात काय मोजलं, यापेक्षा काय मोजायचं ठरवलं, ते आधी वाचावं. हवेचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले? पावसाळ्यात हवा धुतली जाते, हिवाळ्यात नागपूरवर धूर जमिनीलगत साचतो, मग नमुने कधीचे? नमुन्याची ठिकाणं वाऱ्याच्या कोणत्या बाजूला होती? अभ्यासाची त्रिज्या 10 किलोमीटर धरली, तर अकराव्या किलोमीटरवरचं गाव अहवालात नसणारच. यातला एकही प्रश्न विचारायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

चिमणीतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूचा वाद तर प्रश्न कसा बदलतो हे शिकायला उत्तम आहे. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. मुदत होती 2017 ची. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना हा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. मोठ्या शहरांजवळची केंद्रं या सुटीतून वगळली गेली. सूट देताना ज्या अभ्यासांचा आधार घेतला गेला, त्यांत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचाही अभ्यास होता.

युक्तिवाद असा आहे: भारतीय कोळशात गंधक कमी असतं आणि केंद्रांभोवतीच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच सापडतो. दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. विरोध करणारे शास्त्रज्ञ म्हणतात: उंच चिमणीतून गेलेला हा वायू हवेत राहून सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो, ते कण शेकडो किलोमीटर जातात आणि फुप्फुसात खोल उतरतात. म्हणजे एक बाजू विचारते, चिमणीच्या परिसरात वायू किती? दुसरी विचारते, त्या वायूपासून बनलेले कण किती आणि ते कुठे गेले? दोघांकडे आकडे आहेत, कारण दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. टीव्हीवरच्या चर्चेत हे एका वाक्यात सांगणारा माणूस भेटत नाही. तिथे दोन आकडे एकमेकांवर आदळतात आणि बघणारा कंटाळून चॅनेल बदलतो.

पैशाचा धागा इथे दोन्ही टोकांना आहे. यंत्रणा बसवली तर वीज कंपनीचा खर्च वाढतो आणि तो शेवटी आपल्या बिलात येतो. नाही बसवली तर यंत्रणा पुरवणाऱ्या कंपन्यांची मोठी कंत्राटं जातात. सक्ती हवी म्हणणाऱ्यांतही कोणाचा तरी धंदा असतो, हे विसरून चालणार नाही.

आपली बाजूसुद्धा

हितसंबंध दिसला की माणूस खोटा ठरवून मोकळं व्हायची सवय वाईट आहे. ज्याची जमीन जाणार तो शेतकरीही हितसंबंधी आहे. शक्तिपीठ महामार्गाला विरोध करणाऱ्या शेतकऱ्याचा स्वार्थ त्याच्या सातबाऱ्यावर लिहिलेला आहे, तो सगळ्यांना दिसतो. उघड्यावर असलेला स्वार्थ घातक नसतो, ऐकणारा त्याचं माप काढून ऐकतो. घातक असतो तो झाकलेला. तटस्थ तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्याची फी कोणी भरली, नागरिकांची म्हणवणाऱ्या संघटनेचं ऑफिस कोणाच्या जागेत आहे, रस्त्याची आखणी ठरवणाऱ्याच्या नातेवाइकाने त्याच पट्ट्यात जमीन कधी घेतली, हे प्रश्न म्हणूनच विचारायचे असतात.

ज्या बाजूकडे आपला ओढा आहे, तिलाही तीच कसोटी लावावी लागते, आणि हे जड जातं. बीटी कापसाच्या वादात कंपनीच्या बाजूने काय झालं ते वर सांगितलं. पण विरोधकांनी विदर्भातली प्रत्येक आत्महत्या बीटीच्या खात्यावर टाकली, तोही प्रश्न बदलण्याचाच प्रकार होता. बीटी कापसाला मंजुरी 2002 मध्ये मिळाली. शेतकऱ्यांच्या आत्महत्या त्याआधीपासून होत होत्या. कर्ज, पडलेला भाव, न आलेलं पाणी, सावकार, हे सगळं त्यात आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी 2020 मध्ये एका आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेत वीस वर्षांचा हिशेब मांडला. उत्पादनवाढीत खताचा आणि इतर गोष्टींचा वाटा मोठा होता, बीटीला मिळालेलं श्रेय पेलणारं नाही, आणि शेंदरी बोंडअळीने पुढे बीटीला दाद दिली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावरही दुसऱ्या शास्त्रज्ञांनी हरकती घेतल्या. तो वाद मला मोलाचा वाटतो, कारण तो सातत्याने एकाच प्रश्नाला धरून चालला.

2017 च्या खरीप हंगामात यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही शब्दांकडे लक्ष द्यायला हवं होतं. लोक बोलत होते ते मास्क का नाही बांधला, हातमोजे का नाही घातले, यावर. उकाड्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत दिवसभर फवारणाऱ्या मजुराला ते शक्य आहे का, हे कोणी विचारत नव्हतं. इतकं जहाल औषध कोणत्या शिफारशीवर, कोणी, कोणत्या पावतीवर विकलं, हेही मागे पडत गेलं. चूक कोणाची, या प्रश्नाचं उत्तर मेलेल्या माणसाकडे ढकलणं सर्वांत सोपं असतं, तो खुलासा करायला येत नाही.

आकड्यांचं एक थोडक्यात. नागपुरातल्या अजनी वनातली झाडं प्रकल्पासाठी तोडायचा वाद झाला तेव्हा, 2020-21 मध्ये, किती झाडं जाणार यावर दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नव्हते. असं झालं की लगेच कोणाला खोटं ठरवू नये. पहिल्या टप्प्यातली झाडं मोजली की सगळ्या प्रकल्पातली? किती घेराच्या वरची? रोपं धरली का? आकड्याच्या मागे 'कशापैकी' हा शब्द नसेल तर तो आकडा पुढे पाठवू नये.

शिक्क्यांचंही तेच. 'विकासविरोधी', 'बाहेरचे लोक', 'कंत्राटदाराचे दलाल', 'परदेशी पैशावर चालणारे'. शिक्का मारला की मुद्द्याला उत्तर द्यायची गरज उरत नाही. परदेशी पैसा असेल तर तो कागदावर दाखवावा, दलाली असेल तर तीही. नुसता शिक्का मारणाऱ्याकडे उत्तर नसण्याची शक्यता जास्त असते.

कागद कुठे मिळतात

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की यशवंत स्टेडियम, झिरो माइल, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट हा सगळा भाग मोर्च्यांनी भरून जातो. त्यांतले बहुतेक खरे असतात: अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, जमीन गेलेले लोक पदरचे पैसे खर्चून आलेले असतात, त्यांच्या पायांवरून ते कळतं. पण अधूनमधून अशीही 'कृती समिती' दिसते जिचं नाव आधी कोणी ऐकलेलं नसतं. तिचे फलक एकाच छापखान्यातले कोरे करकरीत असतात, मागणी मात्र एखाद्या विशिष्ट निविदेच्या विशिष्ट अटीबद्दल असते. तिथे गेलात तर घोषणा ऐकण्यापेक्षा निवेदनाची प्रत मागा. वेगवेगळ्या चार संघटनांच्या निवेदनात तोच परिच्छेद आणि शुद्धलेखनाची तीच चूक असेल, तर मजकूर एकाच ठिकाणी टाइप झाला आहे. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्या अशाच पकडल्या गेल्या: वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत, वेगवेगळ्या नावांखाली, तेच शब्द. त्यावर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 2010 मध्ये सविस्तर अहवाल दिला, आणि तो पूर्ण स्वरूपात लोकांसमोर यायला माहितीच्या अधिकाराखाली लढावं लागलं.

संशय सगळ्यांनाच येतो, तो कागदाने पक्का करावा लागतो. संघटना नोंदणीकृत न्यास असेल तर तिचे विश्वस्त आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात. कंपनीचे संचालक कोण, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. आमदार-खासदाराची मालमत्ता, कर्जं आणि उत्पन्नाची साधनं त्याच्या निवडणूक प्रतिज्ञापत्रात असतात. सातबारा ऑनलाइन निघतो आणि फेरफार पाहिला की जमीन कोणाकडून कोणाकडे, कोणत्या तारखेला गेली ते कळतं. ती तारीख प्रकल्प जाहीर झाल्याच्या तारखेशेजारी ठेवा. शास्त्रीय लेख असेल तर शेवटच्या पानावर पैसा कोणी दिला आणि लेखकांचे हितसंबंध काय, हे लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

बाकीच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात साध्या कागदावर अर्ज, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. लोक अर्जात 'का' विचारतात आणि अर्ज फेटाळला जातो, कारण कायदा फक्त कार्यालयाकडे असलेली माहिती देतो, कारणमीमांसा करून देत नाही. म्हणून प्रती मागायच्या. उदाहरणार्थ:

'अमुक प्रकल्पाच्या संदर्भात आपल्या कार्यालयाने नेमलेल्या सल्लागाराच्या नियुक्तीचा आदेश, त्याला आजवर दिलेल्या रकमांची देयकं, त्याने सादर केलेल्या अहवालाचे सर्व मसुदे आणि त्यावर कार्यालयाने नोंदवलेले शेरे, यांच्या प्रती द्याव्यात.'

मसुदे मागायला विसरू नका. पहिल्या मसुद्यात असलेलं वाक्य शेवटच्या अहवालातून गायब झालेलं असेल, तर वादाचं मूळ बहुधा त्या वाक्यातच सापडतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करता येतं.

आणि जनसुनावणीला जायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. माइक मिळाला नाही तरी लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देता येते. नागपूरचं प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. दुसरं म्हणजे, सुनावणी संपताना दिवसभराच्या कामकाजाचा गोषवारा लोकांसमोर त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो, आणि त्याच दिवशी त्यावर अध्यक्षांची सही व्हायची असते. तोवर मंडप रिकामा होत आलेला असतो, भाषणं करणारे निघून गेलेले असतात. तुम्ही थांबा. तुमचा प्रश्न तुम्ही विचारला तसाच उतरला आहे का, ऐका, आणि बदलला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. प्रकल्प तपासणारी तज्ज्ञ समिती तुमचं भाषण ऐकायला येत नाही, तिच्यापुढे फक्त ते कागद जातात.